टास्कर: बाबांचे रिपोर्ट जागच्या जागी ठेवणारं अॅप

टास्कर हे अॅप मी विकत घेतलं ते पोटॅशियमच्या एका आकड्यापायी.

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. दर महिन्याला रक्त तपासतात: हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस. रिपोर्ट कधी लॅबवाला व्हॉट्सअॅपवर टाकतो, कधी एसएमएसमध्ये लिंक येते आणि पीडीएफ क्रोममधून उतरते, कधी डायलिसिसच्या सिस्टर कागदाचा फोटो काढून पाठवतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्याच फोनवर परिपत्रकं येतात, पोषण आहाराचे तक्ते येतात, केंद्रातल्या बैठकांच्या सूचना येतात, पालकांचे निरोप येतात. या ढिगात बाबांचा एक कागद शोधायचा म्हणजे सुपातल्या तांदळातला खडा शोधण्यासारखं.

गेल्या वर्षी एका सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी पोटॅशियम किती होतं?" मी फोन काढला आणि शोधत बसले. 'रिपोर्ट' नावाच्या अकरा पीडीएफ निघाल्या. 'रिपोर्ट कंसात एक', 'रिपोर्ट कंसात दोन'. त्यातल्या चार शाळेच्या. बाहेर रांग लागलेली. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण त्यांनी नव्यानं तपासणी लिहून दिली. त्या दिवशी डायलिसिस नव्हतं, म्हणजे रक्तासाठी वेगळी सुई. बाबांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशननं जोडलेली शीर, एरवी त्या हाताला कुणी हात लावत नाही. उजव्या हाताच्या शिरा टोचून टोचून बसल्यात. तिसऱ्या प्रयत्नाला रक्त मिळालं. बाबा खिडकीकडे बघत होते. रिपोर्ट माझ्याच फोनात होता, त्याच रात्री सापडला.

दिवाळीत भाचा आला होता, त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, फाइल कुठे येते त्याचा पत्ता फोनला सांगता आला की बाकीचं फोन करतो. तुला पत्ता माहीत नाही, एवढीच अडचण आहे." त्यानं टास्कर दाखवलं आणि सुट्टी संपल्यावर परत गेला. पुढचं मी शिकले, महिनाभर रोज रात्री अर्धा तास बसून. म्हणून हा अभिप्राय लिहितेय. माझ्यासारखं घरातल्या कुणाचं दुखणं सांभाळणाऱ्या आणि कॉम्प्युटर न वापरता फोनवरच सगळं करणाऱ्या माणसाला याचा उपयोग होईल.

टास्कर हे फक्त अँड्रॉइडचं अॅप आहे. 'असं झालं की तसं कर' एवढंच त्याचं काम. वेळ झाली, फाइल आली, वायफाय लागलं, नोटिफिकेशन आलं, असं काहीही 'प्रोफाइल' म्हणून ठरवायचं आणि त्याच्याखाली 'टास्क' लावायचं. 2018 पासून हे अॅप जोआओ डियास नावाचे पोर्तुगालचे प्रोग्रामर सांभाळतात. पैसे एकदाच भरायचे, दरमहा वर्गणी नाही. विकत घेण्याआधी त्यांच्या वेबसाइटवरून 7 दिवस फुकट वापरून बघता येतं, ते जरूर करा. मराठी मात्र त्यात नाही, सगळा कारभार इंग्रजीत.

आता पत्त्याकडे येते, कारण खरी मेख तिथेच आहे. अॅप कितीही चांगलं असो, पत्ता चुकला की ते रिकाम्या घरी जाऊन परत येतं.

आपण पत्ता लिहितो तो माणसापासून: नाव, घर नंबर, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. फोनातला पत्ता उलटा असतो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वाडी, सगळ्यात शेवटी माणूस. प्रत्येकाच्या मधे तिरपी रेघ. हे डोक्यात बसलं आणि माझी अर्धी भीती गेली. व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ जिथे जाऊन पडते तो पत्ता असा (फोनात हे इंग्रजी स्पेलिंगनं लिहायचं, मी इथे उच्चार देतेय):

/स्टोरेज/एम्युलेटेड/0/अँड्रॉइड/मीडिया/कॉम.व्हॉट्सअॅप/व्हॉट्सअॅप/मीडिया/व्हॉट्सअॅप डॉक्युमेंट्स

यातलं 'स्टोरेज, एम्युलेटेड, शून्य' म्हणजे फोनची आतली जागा. शून्य हा वापरणाऱ्याचा क्रमांक, फोनचा पहिला मालक. ज्यांच्या फोनात एकाच अॅपच्या दोन प्रती चालवायची सोय असते, त्यांच्या दुसऱ्या प्रतीचं घर शून्यावर नसतं. काही फोनांत ते 999 वर असतं, काहींत 95 वर. तिथे टास्करचा हात सहसा पोचत नाही. म्हणून बाबांच्या लॅबला मी पहिल्या व्हॉट्सअॅपचाच नंबर दिला. मेमरी कार्ड असेल तर त्याचा पत्ता वेगळाच: 'स्टोरेज' नंतर चार आकडे-अक्षरं, आडवी रेघ, पुन्हा चार. दरेक कार्डाचा हा क्रमांक निराळा. दुसऱ्याच्या व्हिडिओतून तो उतरवून घेऊन काही उपयोग नाही.

शेवटच्या दोन शब्दांत, म्हणजे 'व्हॉट्सअॅप' आणि 'डॉक्युमेंट्स' यांच्यात, एक मोकळी जागा आहे. ती सुटली की संपलं. व्हॉट्सअॅप बिझनेस वापरत असाल तर पत्त्यातल्या 'कॉम.व्हॉट्सअॅप' या पॅकेजच्या नावाला शेवटी 'डब्ल्यू 4 बी' लागतं आणि पुढच्या दोन्ही 'व्हॉट्सअॅप' फोल्डरांच्या नावांत 'बिझनेस' येतं. जुन्या व्हिडिओंत पत्ता आखूड दिसतो, नुसतं 'व्हॉट्सअॅप' पासून सुरू होणारा. तो 2021 च्या आधीचा. 2020 मध्ये अँड्रॉइड 11 आलं, तेव्हापासून एका अॅपनं दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचे नियम कडक झाले आणि व्हॉट्सअॅपनं आपलं बिऱ्हाड 'अँड्रॉइड/मीडिया' मध्ये हलवलं. त्याच नियमानं शेजारचं 'अँड्रॉइड/डेटा' फोल्डर इतर अॅपना बंद झालं, तुम्ही सगळ्या फायलींची परवानगी दिली तरी. माझं एक स्कॅन करायचं अॅप नेमकं त्या बंद खोलीत स्कॅन ठेवतं. त्याचं काय केलं ते पुढे सांगते.

पत्ता शोधायची सोपी रीत: गूगलच्या फाइल्स अॅपमध्ये फाइलच्या बाजूच्या तीन टिंबांवर दाबायचं, फाइलची माहिती उघडायची, तिथे पूर्ण पत्ता असतो. फोनबरोबर आलेले काही फाइल मॅनेजर 'इंटर्नल स्टोरेज' आणि पुढे बाण दाखवतात, ते बघायला बरं, पण लिहून चालत नाही. आणखी सोपं म्हणजे टास्करमध्येच पत्त्याच्या चौकटीशेजारी भिंगाचं चिन्ह आहे. त्यातून चालत चालत फोल्डरपर्यंत जायचं, पत्ता आपोआप भरला जातो. मी आता हातानं लिहीतच नाही. एक गोष्ट लक्षात घ्या: टास्करमध्ये सुरुवातीचं 'स्टोरेज, एम्युलेटेड, शून्य' लिहावं लागत नाही. तिरपी रेघ न देता सुरू केलं की तो आतल्या जागेपासूनच मोजतो.

आणि 'डाउनलोड'. हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं. फाइल्स अॅपमध्ये त्या फोल्डरचं नाव 'डाउनलोड्स' दिसतं, शेवटी एस. खरं नाव 'डाउनलोड' आहे, एस नाही. दिसतं एक, आहे दुसरं. मी दिसलं तसं लिहिलं, वर 'फोल्डर नसेल तर तयार कर' असंही सांगून ठेवलं होतं. फोननं निमूटपणे एस असलेलं नवं फोल्डर तयार केलं आणि मी तीन दिवस त्या रिकाम्या फोल्डरात रिपोर्टची वाट बघत बसले. एसएमएसच्या लिंकवरून उतरलेली पीडीएफ शेजारच्या घरी पडून होती.

आता माझा नियम कसा आहे ते सांगते.

प्रोफाइल वेळेचं आहे: सकाळी 7 ते रात्री 10, दर 15 मिनिटांनी. टास्करमध्ये फाइल बदलली की लगेच जागं होणारा प्रकारही आहे, पण मला तातडी नाही. पंधरा मिनिटांनी एक फेरी मारली तर बॅटरीही फार खात नाही. टास्क असं: व्हॉट्सअॅप डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड या दोन फोल्डरांतल्या फायलींची यादी कर, ज्यांच्या नावात आमचं आडनाव किंवा 'रिपोर्ट' हा शब्द आहे तेवढ्याच घे, एकेक करून 'डॉक्युमेंट्स/बाबा' मध्ये त्या त्या महिन्याच्या फोल्डरात कॉपी कर. नाव जुळवण्याची टास्करची रीत मला फार आवडली. आडनाव, तिरपी रेघ, रिपोर्ट असं, दोन्ही शब्दांच्या मागेपुढे चांदणी (*) देऊन, लिहिलं की तो 'हे किंवा ते' समजतो. सगळं लहान लिपीत लिहिलं तर कॅपिटल-लहानचा भेद करत नाही. आमच्या एका लॅबचं सगळं कॅपिटलमध्ये असतं, दुसरीचं लहानात, दोन्ही बरोबर सापडतात. 'बाबा' हे फोल्डरचं नाव मी देवनागरीतच दिलंय. चालतं. फोनात इंग्रजी नावांच्या गर्दीत ते एकदम डोळ्यांत भरतं.

'कॉपी' असं मुद्दाम म्हटलं. 'मूव्ह' केलं तर फाइल जागेवरून उचलली जाते आणि व्हॉट्सअॅपच्या चॅटमध्ये तीच पीडीएफ दाबली की ती उघडत नाही. आईला चॅटमधूनच बघायची सवय आहे, तिचं बंद पडायला नको.

महिन्याच्या फोल्डरपाशी माझी दुसरी चूक झाली. टास्करला तारीख कशी लिहायची ते अक्षरांत सांगावं लागतं: चार वाय म्हणजे वर्ष, दोन एम म्हणजे महिना. मी दोन एम लहान लिहिले. संध्याकाळी उघडून बघते तर 'बाबा' मध्ये चार फोल्डर: 2025-00, 2025-15, 2025-30, 2025-45. आणि चारही फोल्डरांत तोच एक रिपोर्ट. बराच वेळ कळेना. मग लक्षात आलं की हे आकडे घड्याळातले आहेत, दर पंधरा मिनिटांचे. लहान एम म्हणजे मिनिटं, कॅपिटल एम म्हणजे महिना. कॅपिटल केले, 2025-11 झालं.

त्यातून आणखी एक गोष्ट सुधारली. आत्ताची तारीख वापरण्याऐवजी फाइल फोनात कधी आली ती तारीख टास्करकडून काढून घ्यायची आणि तीच नावाच्या सुरुवातीला लावायची. वर्ष, महिना, दिवस, मग तास-मिनिटं, मग मूळ नाव. याचे दोन फायदे. एक, दोन लॅबनी 'रिपोर्ट' याच नावानं पीडीएफ पाठवल्या तरी एक दुसरीवर बसत नाही. दोन, हे नाव फोल्डरात आधीच असेल तर टास्क ती फाइल सोडून देतं, म्हणजे पंधरा मिनिटांनी पुन्हा पुन्हा तेच काम होत नाही. वर्ष आधी, दिवस शेवटी अशी तारीख लिहिल्यानं नावांप्रमाणे लावलेली यादी आपसूक तारखेप्रमाणेही लागते. दिवस आधी लिहिला असता तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र आल्या असत्या.

राहिले फोटो आणि ते बंद खोलीतले स्कॅन. यांना नावावरून ओळखता येत नाही. व्हॉट्सअॅपवरचा फोटो म्हणजे 'आयएमजी', तारीख, 'डब्ल्यूए' आणि एक क्रमांक. त्यात डायलिसिसचं कार्ड कुठलं आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचं कुठलं, फोनला कसं कळणार? इथे टास्करची दुसरी सोय वापरली. कुठल्याही अॅपमधून 'शेअर' दाबलं की यादीत टास्कर येतं. त्याला फोटो दिला की माझं टास्क विचारतं: चिठ्ठी, बिल, रिपोर्ट की डायलिसिस कार्ड? मी एकावर बोट ठेवते, फोटो तारीख लागून त्या फोल्डरात जातो. हे चार शब्दही मी मराठीतच लिहिलेत. बंद खोलीतले स्कॅनही असेच बाहेर येतात, कारण इथे ते अॅप स्वतःच्या हातानं फाइल देतं, टास्करला आत जावं लागत नाही. शेअर करताना कधी कधी पत्त्याच्या जागी 'कंटेंट' या शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ दिसते. तो पत्ता नव्हे. बँकेत मिळणाऱ्या टोकनसारखं ते असतं, त्या खिडकीवर त्या वेळेपुरतं चालणारं. ती ओळ कॉपी करून नियमात घालू नका, दुसऱ्या दिवशी चालणार नाही.

परवानगीबद्दल थोडं. टास्करला फोनमधल्या सगळ्या फायलींची परवानगी द्यावी लागते. ती मोठी परवानगी आहे, मी दोन दिवस विचार केला. शोधायचं आणि कॉपी करायचं हे काम फोनातच होतं, शिवाय कुठल्या फोल्डरात जायचं ते मी सांगितल्याशिवाय तो जात नाही, म्हणून दिली. फायली पुसायचं कुठलंही काम मात्र मी त्याला दिलेलं नाही, देणारही नाही. बाबांचा कागद पुसायचा की नाही हे माणसानं बघून ठरवावं.

सगळ्यात जास्त मनस्ताप मात्र माझ्या फोनच्या कंपनीनं दिला. बॅटरी वाचवायच्या नावाखाली तो फोन पडद्यामागे चालणारी अॅप बंद करतो. पहिल्या आठवड्यात टास्कर दुपारनंतर झोपून जायचं आणि संध्याकाळचे रिपोर्ट राहून जायचे. मला वाटायचं आपलाच नियम चुकलाय. उपाय तीन ठिकाणी करावा लागला: बॅटरीच्या सेटिंगमध्ये टास्करला 'निर्बंध नाही', ऑटोस्टार्ट चालू, आणि नुकत्या वापरलेल्या अॅपच्या यादीत त्याला कुलूप. 'डोन्ट किल माय अॅप' नावाची वेबसाइट आहे, तिथे कंपनीनुसार हे कुठे सापडतं ते दिलंय. तुमचा नियम कधी चालतो, कधी चालत नाही असं होत असेल तर पत्ता तपासायच्या आधी हे तपासा. मी उलटं केलं आणि चार रात्री घालवल्या.

धाकटा भाऊ मस्कतला आहे, त्याच्याकडे आयफोन. तिथे टास्कर नाही, पण अॅपलचं शॉर्टकट्स आहे. त्यात फाइल साठवताना 'कुठे ठेवू' असं विचारणं बंद करून फोल्डर आणि आतला उपपत्ता आधीच देऊन ठेवता येतो. तेही चांगलं आहे. पण आयफोनवर व्हॉट्सअॅपच्या फोल्डरात दुसऱ्या कुणाला शिरता येत नाही, दर वेळी फाइल हातानं शेअर करावी लागते. म्हणून कागद गोळा करण्याचं काम माझ्या फोनकडेच ठेवलं. टास्करमध्ये गूगल ड्राइव्हवर फाइल चढवायची सोय आहे, ती टास्कच्या शेवटी जोडली. 'बाबा' मध्ये नवा कागद आला की तो ड्राइव्हवरच्या फोल्डरातही जातो, आणि ते फोल्डर फक्त आम्हा दोघा भावंडांना दिसतं.

कुणी घ्यावं? ज्याला पहिले पंधरा दिवस चुका करत बसायची तयारी आहे त्यानं. टास्करचा पडदा पहिल्यांदा बघून घाबरायला होतं. चिन्हांवर नावं नाहीत, दोनदा मागे आल्याशिवाय बदल साठत नाहीत, कुठे चुकलं ते नीट सांगत नाही. नुसतं एखादं फोल्डर दुसरीकडे कॉपी करायचं असेल तर याहून सोपी अॅप आहेत. मला नाव तपासायचं होतं, तारीख लावायची होती, प्रश्न विचारून घ्यायचा होता. पैसे वसूल झालेत, आणि ते मी दोन महिन्यांतच म्हणाले होते.

एवढं जमवून झालं की टास्करच्या मेनूतून बॅकअप घ्या. ती फाइल आतल्या जागेत 'टास्कर/कॉन्फिग्ज/यूजर' मध्ये 'बॅकअप' या नावानं पडते. ती मी स्वतःला मेल करून ठेवली आहे. फोन पाण्यात पडला तर महिनाभराची मेहनत पुन्हा करायला नको.

परवा रिपोर्ट आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात होते, फोन पर्समध्ये. मधल्या सुट्टीत काढला तर मस्कतहून मेसेज येऊन पडलेला: "ताई, पोटॅशियम 5.9 आलंय. मागच्या महिन्यात 5.2 होतं. बाबांना नारळपाणी कोण देतंय बघ, आजच बंद कर आणि डायलिसिस युनिटला फोन कर." मी तिथूनच आईला फोन लावला.